गिरगावच्या काकांना, दोन तारांसाठी

काका,

समोर बसून थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी मैत्रीण मला तुमच्याकडे घेऊन आली तेव्हा मी गिटार जवळपास सोडलीच होती. आधीच्या क्लासमध्ये तीन महिन्यांची फी आगाऊ भरलेली, तिथे टॅबचे (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्या आकड्यांचे) झेरॉक्स हातात द्यायचे आणि जॅझचं विचारलं की "ते तुझ्यासाठी नाही" एवढंच. मला खरंच वाटायला लागलेलं की शेकडो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गट, पाठ असल्याशिवाय जॅझच्या वाटेला जायचंच नसतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, उठलात, पक्कड आणलीत आणि माझ्या गिटारच्या पहिल्या दोन, सगळ्यात बारीक तारा काढून टाकल्यात. "दोन महिने ह्या चारच." त्या गुंडाळून लाइट बिलाच्या जुन्या पाकिटात घातल्यात आणि कपाटात ठेवल्यात. परत येताना चर्नी रोडच्या ब्रिजवर मला रडू आलं होतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

आणि मग त्या चार तारांवर तुम्ही जे दाखवलंत ना! पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचं पाचवं घर), चौथीवर तिसरा, तिसरीवर पाचवा, झाली डी मायनर सेव्हन कॉर्ड. आता बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, चौथीवरचं बोट तिथेच, तिसरीवरचं फक्त एक फ्रेट मागे, जी सेव्हन. मग बेस पाचवीच्या तिसऱ्यावर, ह्या वेळी तिसरी तार थांबते आणि चौथीवरचं एक फ्रेट मागे येतं, सी मेजर सेव्हन. जॅझमध्ये टू-फाइव्ह-वन म्हणतात तो कॉर्डचा क्रम (सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या, मग पहिल्या सुरावरची कॉर्ड) हाच, मी वर्षभर घाबरत होते ते हे एवढंसं! तुम्ही म्हणालात, बेस सोडून दे, त्या मधल्या दोन सुरांकडेच कान लाव, एक थांबतो तेव्हा दुसरा सरकतो. कॉर्ड मेजर की मायनर हे तिच्या मूळ सुरापासून मोजलेला तिसरा सूर सांगतो, सातवा पुढच्या कॉर्डकडे ओढतो, बाकीचे सूर नंतर आले तरी चालतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा हार्मनी, म्हणजे सुरांचा एकत्र मेळ, ऐकू आली, तोपर्यंत मी फक्त बोटांचे आकार लक्षात ठेवत होते.

अंगठ्यावर तर तुम्ही चार महिने घेतलेत. अंगठ्याने बेसचे सूर डी, एफ, ए, ए फ्लॅट आणि मग जी, चार ठोके एकसारखे चालत राहायचे आणि तर्जनी-मधलं बोट मध्येच दोन सूर टाकून गप्प. बोटं आली की अंगठा अडखळायचा, तुम्ही न रागावता पुन्हा एकपासून मोजायचात. जॅझ गिटारवादक जो पासने 1973 मध्ये एकट्या गिटारवर अख्खी रेकॉर्ड केली, ना बेस ना ड्रम्स, ती तुम्ही ऐकवलीत तेव्हा तो अंगठा कशासाठी ते कळलं. आमच्या वन बीएचकेत आई लवकर झोपते, मी रात्रीच प्रॅक्टिस करू शकते, तर तुम्ही जॅझ गिटारवाल्या वेस माँटगोमेरीचं सांगितलंत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक (तार छेडायची पट्टी) सोडून अंगठ्याने वाजवायला लागला असं म्हणतात. तेव्हापासून हळू वाजवायला लागतं ह्याचं वाईट वाटत नाही.

जॅझ-रॉक फ्यूजन म्हणजे सगळं एकत्र करून जोरात वाजवणं, असा माझा समज. तुम्ही गिटार बाजूला ठेवायला लावलीत आणि मांडीवर रूपक धरायला लावला, तीन-दोन-दोन, सात मात्रा, आणि महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा फ्यूजन बँड लावलात. मग ट्रम्पेटवाल्या माईल्स डेव्हिसची 1969 ची रेकॉर्डिंग्ज. ऐक, म्हणालात, जॅझच्या स्विंग लयीत सूर झोका घेऊन पडतात, इथे सरळ पडतायत, रॉकसारखे, आणि कॉर्ड बघ किती वेळ जागची हलत नाहीये. तंबोऱ्यावर राग ऐकत मोठी झालेली मी, मला ते लगेच पटलं. त्याच रेकॉर्डिंगमधला गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीरभाईंबरोबर शक्ती ह्या बँडमध्ये बसतो ह्याचं मग नवल वाटेना. 1978 च्या जॅझ यात्रेत, मुंबईतल्या जॅझ महोत्सवात, सॅक्सोफोनवाले सनी रॉलिन्स आले होते, हे तुम्ही धोबीतलावला रंगभवन ह्या खुल्या नाट्यगृहाच्या बंद गेटसमोर उभं राहून सांगितलंत, तेव्हा तुमचा आवाज बदलला होता काका.

दोन वर्षांत एकदाही पैसे घेतले नाहीत. ऑर्केस्ट्रात रात्र रात्र वाजवून मिळवलेलं सगळं एका डोंबिवलीच्या मुलीला रविवारी सकाळी देत बसलात, मेगाब्लॉकमुळे मी तास-तास उशिरा आले तरी दार उघडंच असायचं.

ते पाकीट तुम्ही परत दिलंत ना, ते मी अजून उघडलेलं नाही, नवीन तारा लावल्या. मागच्या वेळी बघितलं, तुमच्या गिटारच्या तारा पार गंजल्यात. ह्या रविवारी येताना धोबीतलावहून सेट घेऊन येते, आणि ह्या वेळी पक्कड मी धरणार.

तुमची,
डोंबिवलीकर