पिवळी पाटी पाहून लायसन ठरत नाही

महोदय,

कालच्या अंकात पान पाचवर शेतमालाच्या गाड्यांबद्दल चौकट आहे. पिवळ्या पाटीची कोणतीही गाडी चालवायची तर व्यावसायिक परवाना लागतोच, मग माल स्वतःचा असो की भाड्याचा, असे तिच्यात छापले आहे. ती वाचली आणि रात्री झोप लागली नाही. आज तोडणीला माणसे लावली आणि हे लिहायला बसलो. सकाळपासून गावातल्या तिघांनी ती चौकट मोबाइलवर पाठवून विचारले, पोरांना पुन्हा आरटीओत पाठवायचे का? या तिघांकडेही लहान पिकअप आहेत. पाठवायची गरज नाही, हे आपल्या चौकटीत असायला हवे होते.

आपल्या वार्ताहराचा अर्धा घोळ ‘परवाना’ या एका शब्दाने केला आहे. गाडी चालवणाऱ्या माणसाचा कागद वेगळा आणि माल वाहण्यासाठी गाडीचा कागद वेगळा. मराठीत आपण दोन्हींना परवानाच म्हणतो. सरकारी कागदावर पहिल्याला अनुज्ञप्ती म्हणतात, पण तो शब्द आरटीओच्या फलकावरून खाली उतरलेला मी पाहिलेला नाही. म्हणून या पत्रात माणसाचे ते लायसन आणि गाडीचे ते परमिट. मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. लायसनचा आकडा निराळा आहे, तो 7,500 किलोचा. आपल्या चौकटीत हे दोन्ही आकडे नाहीत, फक्त पाटीचा रंग आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी हे स्पष्ट केले. मालासह एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या, साध्या लायसनवर मालवाहू गाडी चालवता येते. त्यावर ‘ट्रान्सपोर्ट’चा वेगळा शिक्का लागत नाही. ही बातमी दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकात आली होती. ते कात्रण माझ्याकडे आहे. ते मी का कापून ठेवले, ते सांगतो.

ऑगस्ट 2024 मध्ये माझा पुतण्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन निघाला होता. गाडी घरची, माल घरचा. पहाटेचा पाऊस होता. आळेफाट्याच्या अलीकडे समोरून आलेल्या गाडीला वाट द्यायला तो कडेला गेला आणि पिकअप मोरीच्या कठड्यावर आदळली. देवाच्या दयेने पोराला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. नव्वद कॅरेट माल रस्त्यावर सांडला, त्याचे मी दुःख करत नाही. गाडीच्या दुरुस्तीचा खर्च 1 लाख 86 हजार रुपये आला. विमा चालू होता, हप्ता एक दिवसही चुकलेला नव्हता. मी निर्धास्त होतो.

कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, कागद मागितले. पुतण्याचे लायसन एलएमव्हीचे, 2018 पासूनचे. तो म्हणाला, ‘काका, गाडीला पिवळी पाटी आहे ना? मग टीआर दाखवा.’ टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट. ते नव्हते. मी आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, पुढे केली. तिच्यावर मालासह एकूण वजन 2,990 किलो असे स्वच्छ लिहिले आहे. त्याने ते वाचलेही नाही. महिन्याभरात पत्र आले, चालकाकडे योग्य लायसन नसल्याने दावा नामंजूर.

त्या वेळी मला कायदा माहीत नव्हता. चूक आपलीच आहे असे समजून आम्ही गप्प बसलो. घरात पुतण्याला बोललोही, की बाबा रे, तुझ्या कागदामुळे दोन लाख गेले. तो दोन दिवस जेवला नाही. याची मला आजही टोचणी आहे, कारण त्याचा कागद बरोबर होता.

नोव्हेंबरमध्ये निकालाची बातमी वाचली आणि तेच कात्रण खिशात घालून मी कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी ते वाचले आणि म्हणाले, ‘हा निकाल आत्ता आला, तुमचा दावा आधीचा आहे.’ आमच्या गावचे एक वकील आहेत, त्यांना विचारले. ते म्हणाले, न्यायालयाने नवा कायदा केलेला नाही, जुन्या कायद्याचा अर्थ सांगितला आहे. शिवाय तीन न्यायमूर्तींनी हेच जुलै 2017 मध्ये सांगितले होते आणि केंद्राच्या परिवहन खात्याने एप्रिल 2018 मध्ये राज्यांना तसे पत्रही पाठवले होते. 2022 मध्ये तो प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, पण म्हणून मधल्या काळात 2017 चा निकाल पुसला गेला नव्हता. म्हणजे माझ्या पुतण्याची गाडी कठड्यावर आदळली तेव्हाही त्याचे लायसन चालत होते. हे मी कंपनीला लेखी कळवले. उत्तर एका ओळीचे आले, फाइल बंद झाली आहे.

आता सांगा, आपल्या कालच्या चौकटीमुळे मला राग का येऊ नये? ज्या चुकीच्या समजावर माझा दावा नाकारला, तोच समज आपण छापून पुन्हा गावोगाव पोहोचवला. उद्या एखादा सर्व्हेअर तीच चौकट दाखवून दुसऱ्या शेतकऱ्याला परत पाठवील. शेतकरी वर्तमानपत्रातले खरे मानतो. मीही मानतो, म्हणून तर कात्रणे ठेवतो.

याची उलट बाजूही मी लपवणार नाही, कारण तिथेही लोक फसतात. आमच्याकडे एका पोल्ट्रीवाल्याने स्वतःच्या कोंबड्या आणि खाद्य न्यायला सहाचाकी ट्रक घेतला. एकूण वजन सोळा टनांच्या वर. मुलगा एलएमव्हीवर चालवतो. बापाचे म्हणणे, गाडी माझी, कोंबड्या माझ्या, भाडे कोणाचेच घेत नाही, मग व्यावसायिक लायसन कशाला? मी त्याला दोनदा समजावले. माल कोणाचा आहे हे कायदा विचारत नाही. माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी ही मालवाहू गाडीच, आणि 7,500 किलोच्या पुढे ट्रान्सपोर्टचे लायसन लागतेच. त्यासाठी वय वीस वर्षे पूर्ण लागते, आधी निदान वर्षभर एलएमव्ही हातात असावे लागते, डॉक्टरचा दाखला लागतो आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये निघाली, त्यामुळे कमी शिकलेल्या चांगल्या ड्रायव्हरांनाही आता ते काढता येते. त्या मुलाच्या हातून उद्या कोणी दगावले, तर कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा हुकूम होऊ शकतो. पोल्ट्री विकून भागणार नाही इतकी ती रक्कम असते. आपल्या चौकटीने घाबरवायचे होते तर या माणसाला घाबरवायचे होते. त्याऐवजी तीन टनांचे पिकअपवाले घाबरले आणि तो निवांत आहे.

ट्रॅक्टरबद्दल आपण लिहिलेली ओळ तर काढूनच टाकावी. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की व्यावसायिक परवाना लागतो, असे तिच्यात आहे. ट्रॅक्टरचे रिकामे वजन 7,500 किलोच्या आत असेल तर तो हलक्या वाहनातच मोडतो, आणि आमच्या गावात त्याहून जड ट्रॅक्टर कोणाकडेही नाही. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन असलेला माणूस मागे मालाची ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितले आहे. ट्रॉल्यांबद्दल लिहायचेच असेल तर उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने बुजलेला, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा तो तिच्यात शिरलेला असतो. माझ्या मामेभावाचा पाय असाच गेला. त्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचे लायसन बरोबर होते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. कालच्या चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावी. आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींची नको, ती आमच्याकडे कोणी वाचत नाही. तिच्यात एवढेच सांगा की आरसी उघडा, मालासह एकूण वजनाचा आकडा बघा, 7,500 च्या आत असेल तर एलएमव्ही पुरते. घातक रसायने, गॅस असला माल नेणाऱ्या गाड्यांचे आणि ई-रिक्षा, ई-कार्टचे नियम वेगळे आहेत, तेही लिहा, नाहीतर उद्या कोणी सिलिंडरची गाडी घेऊन निघेल.

दुसरी मागणी या विषयातली नाही, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. नारायणगावच्या टोमॅटोचा भाव गेले कित्येक दिवस आपल्या बाजारभावाच्या कोष्टकात येत नाही. आला तरी शिळा असतो. पहाटे चारला गाडी भरायची की एक दिवस थांबायचे, हे आम्ही त्या आकड्यावरून ठरवतो. मोबाइलवर कोणीही काहीही भाव पाठवतो, त्यावर माझा भरवसा नाही.

आरसीची, पुतण्याच्या लायसनची, दावा नाकारल्याच्या पत्राची आणि आपल्याच अंकातल्या 7 नोव्हेंबर 2024 च्या कात्रणाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पुतण्याचे नाव आणि कंपनीचे नाव छापू नये. ग्राहक आयोगात दावा लावायचे आता नक्की केले आहे. वकिलांनी कागद तयार ठेवायला सांगितले आहे, म्हणून मूळ कात्रण मात्र पाठवत नाही.

आपला नम्र,
एक टोमॅटो उत्पादक,
ता. जुन्नर, जि. पुणे