‘ध’चा ‘घ’

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

गणपतीत तुझे पत्र आले आणि उत्तर द्यायला शिमगा उजाडला. शिव्या भेटीत घाल. माझा गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो, कारण जे झाले ते तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगितले, तर तो मला वेड्यात काढील.

‘धुक्याचा गड’ या मुलांच्या अद्भुत कादंबरीचे मुखपृष्ठ माझ्याकडे आले आहे आणि प्रकाशकांना शीर्षक ‘त्या वायकिंग अक्षरांसारखे’ टोकदार हवे आहे. बाजारातले इंग्रजी फाँट पाहिले. पुष्कळांत रून, म्हणजे उत्तर युरोपातली ती जुनी कोरीव अक्षरे, नुसते मुखवटे म्हणून येतात. एमसारखे दिसते म्हणून जे चिन्ह एमच्या जागी बसवतात, त्याचा मूळ उच्चार ‘ए’, आणि पीसारखे दिसणारे असते ‘व’. म्हणून मुळाशी गेलो. जुन्या फुथार्कची, म्हणजे रूनांच्या सर्वांत जुन्या वर्णमालेची, 24 चिन्हे स्वीडनच्या गॉटलंड बेटावरल्या किल्व्हर शिळेवर ओळीने कोरलेली आहेत, आणि त्यांत उभ्या व तिरप्या रेघांखेरीज जवळजवळ काही नाही. लाकडावर कोरताना आडवी रेघ तंतूंत हरवते, असे त्याचे कारण सांगतात. मला पटेना, म्हणून सागाच्या फळकुटावर पात्याने ‘ध’ कोरून पाहिला. तिरपे छेद स्वच्छ आले. शिरोरेषेला मात्र पाते तंतूंबरोबर घसरत गेले, कपची उडाली आणि अक्षराचे डोकेच गेले.

आता ज्या लिपीने आडवी रेघ टाळली, तिचा वेष आडव्या रेघेला लटकणाऱ्या आपल्या अक्षरांना चढवायचा कसा? मी रेघच काढून टाकली. (हो, तिसऱ्या वर्षी याच मुद्द्यावर मी तुझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला होता. ‘गुजरातीचे रेघेवाचून काय अडले?’ हे तुझे, आणि ‘मोडी लिहिणारा आधी रेघ ओढायचा, मग अक्षरे’ हे माझे. सरांनी दोघांनाही बाहेर काढले.) शीर्षक देखणे झाले, प्रकाशक खूश झाले. परवा शेजारच्या छोटीने ते वाचले, ‘घुक्याचा गड’, आणि विचारले, घुबडांची गोष्ट आहे का? ‘ध’च्या माथ्यावरचा वळसा मी कोनाच्या हट्टापायी कापला होता, वर रेघ नाही, म्हणजे तिच्यातली फटही नाही. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, मी ‘घ’ केला.

दुसऱ्या मांडणीत प्रत्येक अक्षरावर छोटी तिरपी रेघ दिली आणि ‘ध’वर फट ठेवली. वाचता येते, पण गड बाजूला राहून कौलारू घरांची आळी दिसते. प्रकाशकांना पहिलेच हवे आहे. छपाई पंधरवड्याने आहे. त्यांच्याशी भांडावे की गप्प बसावे, हेच ठरत नाही.

नव्या घराबद्दल अभिनंदन. चिरंजीवांच्या दहावीला माझे आशीर्वाद.

दोन्ही छाप सोबत ठेवले आहेत. नाव न सांगता काकूंना वाचायला दे आणि त्या काय वाचतात, तेवढे फोनवर कळव.

तुझा,
विनय