नाव यादीत लागण्याआधीचे महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यकृत प्रत्यारोपणाची बातमी वृत्तपत्रात येते ती बहुधा ग्रीन कॉरिडॉरच्या, म्हणजे दात्याचा अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा केला जातो त्या दिवशी. सिरॉसिस (यकृत कायमचे घट्ट व निकामी होत जाणे) बळावलेल्या रुग्णाला त्याआधी एक लांबलचक टप्पा पार करावा लागतो. हा रुग्ण प्रत्यारोपणासाठी योग्य आहे का, हे ठरवणाऱ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंतचा हा काळ. तेव्हा रुग्ण घरी असतो आणि सगळी भिस्त नवऱ्यावर किंवा बायकोवर असते. डिस्चार्ज कार्डवर औषधांची नावे असतात. घरी काय मोजायचे, काय टाळायचे, कोणत्या लक्षणावर रात्रीच गाडी काढायची, हे त्यावर क्वचितच लिहिलेले असते. जंतुसंसर्ग, किडनीवर आलेला ताण, झिजलेले स्नायू यांमुळे शस्त्रक्रियेची संधी याच काळात हातची जाऊ शकते. यातले बरेचसे घरात टाळता येते, म्हणून हे पत्र.

पहिली चूक वेळेची. पोटात पहिल्यांदा पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, भ्रमासारखे वागणे दिसले, किंवा यकृताचा आजार किती गंभीर आहे ते सांगणारा ‘मेल्ड’ हा आकडा १५ किंवा त्याहून वर गेला, की प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवून घ्यावे. रक्तातले बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठण्याचा वेग), क्रिएटिनिन (किडनीचे काम) यांवरून आणि नव्या पद्धतीत सोडियमही धरून काढलेला हा आकडा ६ ते ४० दरम्यान असतो. प्रत्येक रक्ततपासणीनंतर तो विचारावा आणि तारखेसह वहीत लिहावा. ‘अजून गोळ्यांवर भागतंय’ म्हणून थांबलेली माणसे केंद्रात पोहोचतात तेव्हा पुष्कळदा तपासण्या सोसण्याची ताकदही उरलेली नसते.

जोडीदाराने सर्वांत आधी ओळखायला शिकावे ते ‘अमोनिया चढणे’. आतड्यात तयार होणारी अमोनियासारखी विषद्रव्ये यकृत गाळू शकत नाही, ती मेंदूपर्यंत जातात. सुरुवात अगदी साधी असते. दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जाग, चिडचिड, तेच तेच विचारणे, सदऱ्याची बटणे चुकीची लावणे. दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले तर पंजे मधूनच खाली पडतात. एक वही ठेवावी. रोज सकाळी रुग्णाने तिच्यात तारीख, वार आणि स्वतःची सही करावी. अक्षर वाकडे होऊ लागले की ते घरच्यांना बोलण्याआधी कागदावर दिसते. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगायला लावणे, हीही डॉक्टर वापरतात ती सोपी चाचणी आहे. दहाच्या आत अडखळले तर त्याच दिवशी फोन करावा. सहीवरून आणखी एक. बँकेतली सही जुळेनाशी होण्याआधीच खाते संयुक्त करून घ्यावे. नामनिर्देशन आणि विम्याची कागदपत्रेही तेव्हाच बघावीत. आणि रुग्णाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये, दुचाकीची तर मुळीच नाही.

यावरचे रोजचे औषध म्हणजे लॅक्टुलोज. डोस डॉक्टर ठरवतात, बहुधा १५ ते ३० मिली, दिवसातून दोन-तीनदा. मात्र खरे माप म्हणजे दिवसाला दोन ते तीन मऊ शौच. एकच झाली किंवा झालीच नाही तर डोस कमी पडतो आहे. पाण्यासारखे चार-पाच जुलाब झाले तर जास्त होतो आहे, आणि तेही वाईट, कारण शरीरातले पाणी आणि पोटॅशियम घटले की पुन्हा भ्रम होतो. म्हणून शौचाचा आकडा वहीत रोज हवा. यात लाजण्यासारखे काही नाही, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. घोटाळा हमखास होतो तो प्रवासाच्या दिवशी. मुंबई-पुण्याला तपासणीसाठी निघायचे, एसटीत सोय नाही, म्हणून आदल्या रात्रीपासून औषध बंद ठेवले जाते आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तो भ्रमातच. त्यापेक्षा रेल्वेने जावे, मोठ्यांचे डायपर बरोबर घ्यावेत, पण डोस चुकवू नये. रिफॅक्सिमिन (याच त्रासासाठीचे आतड्यातले प्रतिजैविक) लिहून दिले असेल तर तेही स्वतःच्या मनाने सोडू नये. ग्लानीत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

आता जेवण. ‘कावीळ आहे, उकडलेलं द्या, तेल-तूप-डाळ बंद’ हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो आणि या रुग्णांना तो फार महागात पडतो. सिरॉसिसच्या रुग्णाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ कॅलरी लागतात. वजन धरायचे ते पोटातले पाणी वगळून. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने. अमोनिया चढतो म्हणून प्रथिने तोडायची पद्धत जुनी झाली. उलट स्नायू अमोनियाचा काही भाग जिरवतात, ते झिजले की भ्रम वाढतो. दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, १०० ग्रॅम घरचे बिनमिठाचे पनीर, दोन अंडी, सहा पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात साधारण ८० ग्रॅम भरतात. अंडी चालत नसतील तर दूध-डाळ वाढवावी, वनस्पतीजन्य आणि दुधाची प्रथिने या रुग्णांना चांगली मानवतात. पोटात पाणी असल्याने दोन घासांत पोट भरते, म्हणून ताट वाढण्याऐवजी दर तीन तासांनी वाटीभर द्यावे.

रात्रीच्या खाण्याबद्दल तर आम्ही हट्टाने सांगू. खराब झालेल्या यकृतात साखरेचा साठा राहत नाही. रात्रभराचा उपास या शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका पडतो आणि शरीर आपलेच स्नायू मोडून खाते. झोपण्यापूर्वी साधारण ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. पेलाभर दुधात दोन पोळ्या कुस्करल्या की काम होते. मधुमेह असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारावे, पण उपाशी झोपवू नये. संकष्टी, एकादशी, नवरात्र, रमजान यांतले उपास या काळात बंद. घरातल्या मोठ्यांनीच हे रुग्णाला सांगितले तर त्याच्या मनाला टोचणी लागत नाही.

मिठाचे माप दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. सकाळी तेवढे मीठ एका डबीत काढावे आणि दिवसभर रुग्णाच्या पानात त्यातूनच घालावे. मात्र लोणचे, पापड, फरसाण, खारी, ब्रेड, सुकट, खारवलेली मासळी, खायचा सोडा आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या यांतूनही सोडियम जाते. तो हिशेब डबीत दिसत नाही, म्हणून ते पदार्थ घरात न आणणेच बरे. चवीला आमसूल, लिंबू, लसूण, आले, जिरेपूड आहेत. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर ते धोक्याचे, आणि रोजचे शहाळेही डॉक्टरांना विचारूनच. दोन गैरसमज नेहमी दिसतात. पोटात पाणी आहे म्हणून प्यायचे पाणी तोडतात. ते सहसा रक्तातले सोडियम १२५ च्या खाली गेल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच तोडायचे असते. आणि रिपोर्टमध्ये सोडियम कमी दिसले की जेवणात मीठ वाढवतात. शरीरात पाणी जास्त झाल्याने तो आकडा पातळ झालेला असतो. मीठ वाढवले की जलोदर, म्हणजे पोटातले पाणी, वाढतो, आकडा सुधारत नाही.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत करावे. आठवड्यात दोन किलो वाढले तर पाणी साचते आहे. लघवीच्या गोळ्यांनी दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त, पायांवर सूज असेल तर एक किलोहून जास्त उतरत असेल, तर किडनीवर ताण येतो आहे. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवावे. स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांच्या छातीत दुखरी गाठ येते. लाजेपोटी ते कोणाला सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. बायकोने हे आपणहून विचारावे, पर्यायी औषध देता येते. पोटातले पाणी सुईने काढताना पाच लिटरपेक्षा जास्त काढले, तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) शिरेतून द्यावे लागते. १०० मिलीच्या २० टक्क्यांच्या बाटलीत २० ग्रॅम असते. आठ लिटरला तीन बाटल्या धरून पैशांची तजवीज करावी. महाग आहे म्हणून ते टाळले की रक्तदाब आणि किडनी दोन्ही कोसळू शकतात.

रात्री पायात गोळे येतात, अंग खाजते, झोप लागत नाही, आणि मग घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या गोळ्या त्या डब्यातून आजच काढून टाकाव्यात. त्या किडनी बंद पाडू शकतात, पोटात रक्तस्राव घडवू शकतात. डॉक्टरांच्या संमतीने पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालते. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधे नकोत. गुळवेलीच्या काढ्यांनंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली आहेत. कुमारीआसवासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून अल्कोहोल तयार होते, त्यामुळे दारू सोडलेल्या रुग्णाची दारू घेतली का हे पाहणारी लघवीची तपासणी होते, तिच्यातही घोळ होऊ शकतो. कोणी प्रेमाने आणून दिलेली पुडी असली तरी ती आधी यकृततज्ज्ञाला दाखवावी.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, १००.४ च्या वर ताप, पोटात नवे दुखणे, हाक मारूनही नीट जाग न येणे, लघवी अगदीच कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करावा. मात्र रात्री एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून रक्तस्राव शोधणे व थांबवणे) कोणत्या रुग्णालयात होते, हे आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवलेले हवे. तालुक्याच्या ठिकाणी ती सोय नसेल तर वाटेतच वेळ जातो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर ते सांगावे.

तपासण्यांची यादी मोठी आहे, पण घाबरण्यासारखी नाही: रक्तगट, सीटी, हृदयाची इको, फुप्फुसे, क्षय, विषाणूंच्या चाचण्या, दात, मानसोपचारतज्ज्ञ. किडलेले दात आधीच दाखवावेत, शस्त्रक्रियेनंतरच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत तिथला जंतू डोके वर काढतो. समाजसेवा विभागातल्या मुलाखतीत रुग्णाची काळजी कोण घेणार, हे विचारतातच. तिथे दोन माणसांची नावे द्यावीत. दारूविषयी खरे तेच सांगावे, पुन्हा घेतली असेल तर तेही. लपवलेले पुढे कळतेच, आणि तेव्हा विश्वास उडतो.

मृत दात्याचे यकृत मिळण्यासाठी नोंदणी रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्रात होते. राज्यात ही केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने रहिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली, तसेच नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असेही राज्यांना कळवले.

पती किंवा पत्नीने यकृताचा भाग द्यायचा असेल तर १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ते ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. पण लग्नाचा पुरावा लागतो: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले. आपल्याकडे अडते ते नावावर. दहावीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, रेशनकार्डावर तिसरेच. विवाह नोंदणी आणि नावातली दुरुस्ती आज सुरू करावी, ऐन वेळी राजपत्राची वाट पाहत बसण्याची पाळी येऊ नये.

भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या जास्त आहे. ‘बायको देईलच’ असे गृहीत धरलेले आम्हाला बोचते. उजवा भाग देणे म्हणजे यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग काढणारी मोठी शस्त्रक्रिया, दात्याच्या जिवालाही थोडा का होईना धोका असतोच. दात्याला एकटीला डॉक्टरांशी बोलण्याचा आणि नाही म्हणण्याचा हक्क आहे. ती दात्री झाली तर एकाच दिवशी घरातली दोन माणसे खाटेवर असतील आणि शुश्रूषा करणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्याच बैठकीत सोडवायला हवा. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांतल्या अदलाबदलीची तरतूद २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात आहे, तिची चौकशी जरूर करावी.

राज्यातल्या यकृतविकार विभागांकडे आमची एकच मागणी आहे. डिस्चार्जच्या वेळी एक छापील मराठी पान जोडीदाराच्या हाती द्या. त्यावर रुग्णाचे पाण्याविना वजन, दिवसाची प्रथिने, शौचाचे लक्ष्य, किती वजन वाढले की कळवायचे, कोणत्या गोळ्या वर्ज्य आणि रात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक एवढेच असावे. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड मराठीत छापून मिळते, तसेच हे पानही मिळू शकेल. आपल्या दैनिकाने त्याचा नमुना छापला तर वाचकांना तो कापून फाइलमध्ये लावता येईल.

आपले,
यकृतरुग्णांचे काही जोडीदार व शुश्रूषा करणारे कुटुंबीय, पुणे