वाड्यातल्या अभ्यासिकेला आधी टेप लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आर्किटेक्चर आणि इंटिरिअरच्या विद्यार्थ्यांना हल्ली जुन्या इमारतीचा पुनर्वापर हा विषय हमखास दिला जातो. ज्या कोल्हापूरने टाउन हॉलमध्ये वस्तुसंग्रहालय थाटून पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू मांडल्या, त्याला ही कल्पना नवी नाही. मुलांची आवडती निवड म्हणजे पेठेतला वाडा आणि त्यात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. (कॅफेपेक्षा बरी.) पण मुलांच्या ड्रॉइंग शीटवर थ्रीडी व्ह्यू (संगणकावरची देखणी चित्रे) जितके दिसतात, तितकी मापे दिसत नाहीत.

जिन्याचेच बघा. ९ फूट उंचीच्या मजल्याला वाड्याचा जिना साधारण १० इंची चढाच्या ११ पायऱ्यांत वर पोचतो. पायरीचा पाट (पाऊल ठेवायची जागा) ८ इंच धरला तर सगळा जिना सात फुटांच्या आत मावतो. शीटवर त्याच जागी ६ इंच चढ आणि १२ इंच पाट असलेला सुखाचा जिना काढलेला असतो. त्याला १८ चढ लागतात आणि सरळ नेला तर १७ फूट लांबी. मधली दहा फूट येणार कुठून? तुळया कापून! व्ह्यूमध्ये तुळई कापल्याचा आवाज येत नाही. जिना दुमडून दुसऱ्या खणात (दोन तुळयांमधल्या जागेत) नेता येईल का, की तो चौकातच उभा करावा, हे मजल्याचा कडीपाट (तुळया-फळ्यांचे लाकडी छत) खालून खण मोजत काढल्याशिवाय ठरवता येत नाही.

रॅम्पची गतही तीच. जोते दोन फूट असेल तर १ ला १२ या उताराने नुसता उतारच २४ फूट होतो, शिवाय वर-खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. दहा फुटी बोळात तो मावत नाही, तरीही दर्शनी बाजूला काढलेला असतो. परड्याकडची जमीन बऱ्याचदा उंच असते. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन्ही दारांच्या पातळ्या काढल्या की उत्तर कधी कधी मागच्या दारातच सापडते. आतले उंबरे आणि दाराची निव्वळ रुंदीही नोंदवायची. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर मोकळे लागतात आणि जुनी चौकट तेवढी देईलच असे नाही.

मोजायचीही रीत आहे. टेप एका कोपऱ्यात धरून पूर्ण भिंतीची मापे सलग वाचायची. तुकड्यातुकड्याने मोजले की चूक साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे, कारण वाड्यातली खोली काटकोनात असतेच असे नाही. तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोच्या दाबून पाहायचा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड आतून गेले आहे, वर कितीही पॉलिश असो.

आता भाराचे. घराच्या मजल्याला चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. वाचनाच्या खोलीला पुस्तके वेगळी ठेवली तर ३००, तिथेच ठेवली तर ४००, आणि पुस्तकांच्या रॅकना ६०० च्या पुढे. म्हणून माडीवरचा १० बाय २४ फुटांचा सोपा घरापुरता ठीक, अभ्यासिकेला नाही. खुर्ची, टेबल आणि ये-जा धरून एका मुलाला वीस चौरस फूट दिले तरी तिथे बाराच बसतात. शीटवर चोवीस बसलेले असतात.

मग पुस्तके खाली आणावीत, तर पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ अशा नदीकडच्या भागात पाण्याची खूण भिंतीवर शोधावी, शेजाऱ्यांना विचारावी आणि सेक्शनवर (इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशावर) रेषा म्हणून काढावी. त्या रेषेखाली पार्टिकल बोर्ड नको, जिप्सम नको, प्लग पॉइंट नको. वायरिंग वरून खाली उतरवायचे आणि तळमजल्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) वेगळा ठेवायचा. पुस्तके खाली की वर, हाच या प्रकल्पाचा खरा पेच आहे, आणि नेमका तोच शीटवर नसतो.

ओल लपवायला पॅनेलिंग काढणे हा आणखी एक रोग. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट दिला की ओल बाहेर सुकत नाही, वर चढते आणि लोणा लागतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा, भिंत मोकळी हवी. चौकावर पॉलिकार्बोनेटचे छप्पर टाकायची हौसही आवरावी. उष्णता कोंडते आणि जुलैच्या पावसात त्याच्या ताशाखाली कोणी अभ्यास करू शकत नाही. टाकायचेच तर वळचणीच्या वर दीड-दोन फूट फट ठेवून.

राहिले माणूस. अभ्यासिकेत मुले सकाळी सात ते रात्री दहा बसतात. त्यांचे ओले रेनकोट कुठे टांगायचे, चपलांचे चाळीस जोड कुठे, मुलींचे स्वच्छतागृह चौक ओलांडून अंधारात तर नाही ना, एकच लाकडी जिना असेल तर आगीत उतरायचे कसे? ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यावर तरी हा शेवटचा प्रश्न ज्युरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) पहिला यावा. विद्यार्थ्यांनी चालू अभ्यासिकेत एक पूर्ण दिवस बसून कोण कुठे, किती वेळ आणि का उठले याची नोंद करावी आणि ती पहिल्या शीटवर लावावी.

महाविद्यालयांना एक सूचना. मेझर्ड ड्रॉइंगला (प्रत्यक्ष मोजून काढलेल्या नकाशाला) व्ह्यूइतकेच गुण द्या आणि त्याची एक प्रत वाड्याच्या मालकाला द्या. पुढे गवंडी, वायरमन, नाहीतर पाडकामवाला दारात आला तर मालकाच्या हातात निदान स्वतःच्या घराचा नकाशा असेल.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर