जठराच्या कर्करोगाचा उपप्रकार ग्रामीण रुग्णालाही कळावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जठराच्या कर्करोगाचे निदान झालेल्या आपल्या विदर्भातील रुग्णाच्या हाती बायोप्सीचा जो अहवाल पडतो, त्यात बहुतेक वेळा ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (ग्रंथीपेशींपासून उगवलेला कर्करोग) एवढेच लिहिलेले असते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून असे अहवाल मी अनेक वर्षे पाहिले आहेत. निदान म्हणून ते बरोबर असते. उपचार ठरवण्यासाठी मात्र ते आता पुरेसे नाही.

अमेरिकेतील ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या प्रकल्पाने २०१४ मध्ये २९५ गाठी तपासून या रोगाचे चार रेणवीय, म्हणजे पेशीतील जनुकांच्या पातळीवरचे, उपप्रकार मांडले. सुमारे निम्म्या गाठींत गुणसूत्रांची अस्थिरता होती, सुमारे २२ टक्के गाठींत डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झाल्याच्या खुणा होत्या, सुमारे २० टक्के गाठी जनुकीयदृष्ट्या स्थिर होत्या आणि ९ टक्क्यांत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. पुढच्याच वर्षी एशियन कॅन्सर रिसर्च ग्रुपने ३०० गाठींचे थोडे वेगळे वर्गीकरण करून ते रुग्णांच्या आयुर्मानाशी ताडून पाहिले. दुरुस्ती यंत्रणा बिघडलेल्या गटातील रुग्ण सर्वाधिक काळ जगले. ज्या गाठींतील पेशी एकमेकींची पकड सोडून सुट्या पसरतात, त्या गटाचे आयुर्मान सर्वांत कमी भरले. हा दुसरा गट तुलनेने तरुण वयात आढळतो आणि शस्त्रक्रियेनंतर रोग पोटाच्या पोकळीच्या अस्तरावर (पेरिटोनियमवर) पुन्हा उगवतो, म्हणून घरातल्या कर्त्या माणसाच्या बाबतीत तो वेळीच ओळखला जाणे फार गरजेचे आहे.

रोगाचा टप्पा आजही सर्वांत महत्त्वाचा आहे, हे मान्यच. पण एकाच टप्प्यातील दोन रुग्णांना एकच केमोथेरपी सारखी लागू पडेलच असे नाही. ब्रिटनमधील ‘मॅजिक’ चाचणीतील नमुन्यांच्या फेरतपासणीत, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, दुरुस्ती यंत्रणा बिघडलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेसोबतच्या केमोथेरपीचा फायदा दिसला नाही. त्या गटातील रुग्ण थोडे होते, त्यामुळे एवढ्यावरून कोणी केमो थांबवू नये. तरी डॉक्टरांनी विचारात घ्यावी अशी ही माहिती नक्कीच आहे. याच गटाला इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा, गुण अधिक येतो, पण तिचा खर्च लाखांत जातो. हर-२ प्रथिन जास्त असलेल्या, रोग पसरलेल्या रुग्णांना केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब हे हर-२ वर नेम धरणारे औषध दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो काळ) ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले, असे २०१० च्या ‘तोगा’ चाचणीत दिसले. या औषधाच्या भारतीय आवृत्त्या आता मिळतात. तपासणीच झाली नाही तर त्या असून उपयोग नाही.

यासाठी प्रत्येक गाठीचा संपूर्ण जनुकीय आराखडा काढण्याची गरज नाही. दुरुस्ती यंत्रणेतील चार प्रथिने आणि हर-२ यांची तपासणी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे बायोप्सीच्या त्याच तुकड्याच्या कापांवर विशिष्ट रंगप्रक्रिया करून होते. मेणात बसवलेला तुकडा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, नेहमीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे सिरोंच्याच्या किंवा झरी-जामणीच्या अशक्त रुग्णाला या चाचणीसाठी एसटीने नागपूर किंवा सेवाग्राम गाठण्याचे कारण नाही, त्याचा ब्लॉक पाठवला तरी काम होते.

अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. तुकडा काढल्याबरोबर योग्य प्रमाणातील फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, गेला पाहिजे. तो सलाइनमध्ये पडून राहिला किंवा फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर विसरला गेला, तर पुढे कितीही चांगली प्रयोगशाळा असली तरी रंग भरवशाचा येत नाही. हर-२ एकाच गाठीत कुठे असते, कुठे नसते, म्हणून एंडोस्कोपी करताना एक-दोन नव्हे, सहा ते आठ तुकडे घ्यावे लागतात. या दोन्ही गोष्टींना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते आणि ती जिल्हा पातळीवर सहज लावता येईल.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यातून जठराच्या कर्करोगाचे ब्लॉक नागपूरच्या शासकीय प्रयोगशाळेकडे नियमित पाठवण्याची सोय करावी, या तपासण्यांचा खर्च रुग्णावर पडू देऊ नये, आणि रुग्णाने अहवालासोबत आपला ब्लॉक मागितला, तर तो हेलपाटे न घालता त्याच्या नातेवाइकांच्या हाती मिळावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. यवतमाळ