तू फोनवर वाचून दाखवलेले सहा अंक

जामसंडे, ता. देवगड
१८ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रात्री तुला झोपेतून उठवून, तुझ्या ईमेलवर नुकतेच आलेले सहा अंक मी वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा ते सांगण्याआधी तू मला आपल्या गणिताच्या मास्तरांचे टोपणनाव विचारलेस. त्या क्षणी मला तुझा रागच आला होता. आता आंब्याच्या पेट्या संपल्या आहेत, पावसाने बागेची कामे थांबवली आहेत, म्हणून सगळे सविस्तर लिहितो; तू विचारलेस ते योग्यच केलेस, हेही मान्य करतो.

चूक माझीच होती. ऐन हंगामात एका वाहतूक कंपनीच्या नावाने मेल आला की तुमचा माल अडकला आहे, तपशिलासाठी लॉगिन करा. आढीतले आंबे निवडता निवडता मी तो मोबाइलवर उघडला, समोर आलेल्या हुबेहूब जीमेलसारख्या पानावर पासवर्ड टाकला आणि कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी खाते उघडेना. चोराने पासवर्ड बदललाच होता, शिवाय रिकव्हरीचा, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला, नंबर आणि ईमेल पत्ताही काढून तिथे स्वतःचे घातले होते. तसा माझा तिथला नंबर कधीच, रिचार्जअभावी, बंद पडलेला होता. आणि त्याने काढलेला पत्ता होता तुझा, जो २०११ साली रत्नागिरीच्या सायबर कॅफेत माझे खाते उघडून देताना तूच त्या रकान्यात भरला होतास आणि नंतर आपण दोघेही विसरलो होतो.

मी आधी कणकवलीला भाच्याकडे जाऊन त्याच्या नव्या फोनवरून तीन-चार वेळा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी, हे खाते तुमचेच आहे याची खात्री पटत नाही, असे उत्तर आले. नंतर गूगलच्या मदतपानावर वाचले की नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्याच ब्राउझरमधून आणि नेहमीच्या ठिकाणाहून प्रयत्न करावा. म्हणून घरी येऊन पॅकिंगच्या शेडमधल्या जुन्या संगणकापुढे बसलो, ज्यावर मी वर्षानुवर्षे ऑर्डरी पाहत आलो आहे. तिथे मात्र तुझ्या पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय दिसला. रिकव्हरीचा पत्ता बदलला तरी ७ दिवसांपर्यंत गूगल जुन्या पत्त्यावर कोड पाठवण्याची मुभा देऊ शकते. माझा तो तिसरा दिवस होता. आठवडाभर कपाळाला हात लावून बसलो असतो तर हेही दार बंद झाले असते.

पासवर्ड बदलला आणि मी निर्धास्त झालो, ही दुसरी चूक. दोन दिवसांनी दादरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला की तुम्ही मेलवर कळवलेले बँक खाते नवीन कसे. तो मेल मी पाठवला नव्हता आणि त्यांचा मूळ मेलही मला दिसला नव्हता. सेटिंग्ज उघडून पाहिल्या तर चोराने एक फिल्टर करून ठेवलेला: ज्या मेलमध्ये ‘पेटी’ किंवा ‘पेमेंट’ असेल तो परस्पर एका अनोळखी पत्त्यावर जावा आणि माझ्याकडून ट्रॅशमध्ये पडावा. कुलूप नवे, पण मागच्या पडवीचे दार उघडेच! ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो म्हणून ते सगळे सापडले. एका गिऱ्हाइकाने मात्र चार पेट्यांचे पैसे आधीच भरले होते. त्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली आणि आंबे मी माझ्या खर्चाने पाठवले. देवगडचा हापूस म्हणून लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, तिथे दुसरे काय करणार?

आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय, सुरू केले आहे, पण एसएमएसवर नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइलची रेंज, हे तुला आठवत असेल. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला रेंज लागत नाही. शिवाय फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायचे १० बॅकअप कोड छापून सातबाराच्या पिशवीत घातले. पहिल्याच पावसात त्या कागदाला बुरशी धरू लागली, म्हणून तो आता तांदळाच्या डब्यात आहे. सौभाग्यवती हसते, हसू दे.

तुझा पत्ता मी तसाच ठेवला आहे. पण याचा अर्थ असा की तुझ्या खात्यात कोणी शिरला तर त्याला माझ्या खात्याची वाटही सापडेल. तेव्हा या रविवारी तुझे खाते संगणकावर उघड, कारण मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसत नाहीत, आणि फिल्टर, फॉरवर्डिंग व रिकव्हरीचा नंबर हे तिन्ही पाहून मला कळव.

भाचा पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर आगळाच्या दोन बाटल्या पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मनोहर