नलूस पत्र: ओव्यांची डिस्क जिवंत आहे

विश्रामबाग, सांगली

प्रिय नलू,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि मग आपण ‘जत ३’ मधल्या बाईंचं गाव उमदी की संख यावर येऊन बसतो. म्हणून लिहितेय. मुख्य गोष्ट आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको: आपण गावोगाव बायकांकडून रेकॉर्ड केलेल्या ओव्यांची हार्डडिस्क गेली असं मध्ये काही दिवस वाटत होतं. ती गेलेली नाही. सगळ्या फायली आहेत, एकेक उघडून ऐकल्यात. आता पुढचं सावकाश वाच.

इकडे सगळे बरे. यांची शुगर ताब्यात आहे, माझी बीपीची गोळी चालू. झालं.

तर विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि मधूदादानं जोडून दिलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढेना. त्याचा रायझन ५ २४००जी हा प्रोसेसर अकराच्या यादीतच नाही. पण दादानं २०१८ साली बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती मुख्य पाटी, असा निवडला होता की त्याच सॉकेटमध्ये नंतरचा ५६००जी बसतो. म्हणजे अख्खं मशीन टाकायची गरज नव्हती. प्रोसेसर बदलायचा, थोडी रॅम वाढवायची, आणि बोर्डावर ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी नवी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बसवायची, कारण ओव्यांची दुसरी प्रत मला आता तिच्यावर ठेवायची होती. गावभागातल्या तुमच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॅसेटी पाण्यात गेल्यापासून सगळं त्या एका फिरत्या डिस्कवरच होतं, हे तुला माहीत आहे. (कॅसेटी माझ्याकडे वरच्या मजल्यावर ठेव म्हणून मी तुझ्याशी भांडले होते. आज पुन्हा भांडत नाही, फक्त आठवण करून देतेय.)

सामान एका दुकानातून बसवून घेतलं. घरी आणलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. दुकानातला पोरगा घरी आला. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून घातल्या, एकच पट्टी ठेवून पाहिली, वायर बदलली. काही नाही. मग म्हणाला बोर्ड गेला, नवीन घ्या. इथवर मी ऐकून घेतलं. पण कॉम्प्युटरच्या डब्यात डोकावून तो म्हणाला, “हे कुणी जोडलंय? ज्यानं जोडलं त्याला काही येत नव्हतं बघा.”

नलू, माझं डोकं फिरलं. दादा कोल्हापूरहून एकेक सुटा भाग घेऊन यायचा, रात्री जेवण झाल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जोडत बसायचा, आणि तू शेजारी बसून त्याला “अरे, निदान सांग तरी काय करतोयस” म्हणून टोचायचीस. मी त्या पोराला चहा दिला, पैसे दिले आणि म्हटलं, आता आमचं आम्ही बघतो. तीस वर्षं पोरांना विद्युतप्रवाह शिकवलाय मी, एवढं बघता येईल.

या बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे आहेत: प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, आणि बूट, म्हणजे डिस्कवरून विंडोज सुरू होणं. मशीन जिथं अडतं तिथला दिवा जळत राहतो. आमचा प्रोसेसरवर जळत होता. म्हणजे रॅम काढून घालण्यात काही अर्थच नव्हता. मग बोर्ड बनवणाऱ्यांच्या यादीत ५६००जी शोधला, तर त्याच्या पुढं लिहिलेलं, अमुक आवृत्तीचं बायोस किंवा त्यापुढचं लागेल. (बायोस म्हणजे बोर्डातच असलेलं, मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर.) आपलं बायोस २०१८ चं, आणि हा प्रोसेसर २०२१ चा. जुन्या बायोसला तो ओळखताच येत नाही, मग पडद्यावर चित्र यायचं कुठून! बोर्ड ठणठणीत होता.

उपाय सरळ आहे पण हात थरथरतात. जुना प्रोसेसर परत बसवायचा, त्याच्यावर मशीन चालू करून बायोस अपडेट करायचं, आणि मग नवा घालायचा. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात, तेराशेच्या वर, केसासारख्या बारीक. एक वाकली की संपलं. हे टॉर्च धरून उभे होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते. जुनी पेस्ट पुसली, नवीन लावली, पंखा आवळला. २४००जी वर बटण दाबलं आणि लगेच चित्र आलं! मी अशी ओरडले की खालच्या काकू वर आल्या.

बायोस चढताना वीज गेली तर बोर्ड खरंच जातो. इन्व्हर्टर होता, तरी मी यांना मिक्सर लावू दिला नाही, चटणी राहिली. नवा प्रोसेसर घातल्यावर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळाच होता, मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. हे म्हणाले, गेलं परत. पण रॅम बदलली की बोर्ड तिचा वेग जुळवून घेतो, तेवढा वेळ थांबायचं असतं. थांबलो. मग इंग्रजीत एक प्रश्न आला: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (कुलपांच्या किल्ल्या ठेवायची प्रोसेसरमधली जागा) पुसून नव्यानं करू का, वाय की एन? डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल आणि त्याची रिकव्हरी की जवळ नसेल, तर इथं वाय दाबणारा कायमचा बाहेर अडकतो. आपल्याकडे बिटलॉकर बंद आहे हे मी दुकानात नेण्याआधीच पाहून ठेवलं होतं. वाय दाबलं.

आणि मग खरी भीती. काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट करायला योग्य डिस्क द्या. बायोसमध्ये जाऊन पाहिलं. विंडोजची एसएसडी दिसते, नवी एनव्हीएमई दिसते, ओव्यांची डिस्क नाही. यादीत जागाच रिकामी. नलू, तुला काय सांगू. जतच्या त्या म्हाताऱ्या, कवठेमहांकाळच्या दोघी जावा, तासगावच्या त्या आजी, ज्यांनी आपल्याला जातं ओढायला लावलं होतं, त्यातलं आता कोण आहे? तो आवाज परत कुणाकडे जाऊन मागायचा? यांनी जेवायला बोलावलं, मी गेले नाही.

रात्री डब्यात हात घालून डिस्कवर बोट ठेवलं. बारीक थरथर होती. फिरत होती म्हणजे वीज पोचत होती, फक्त माहिती येत नव्हती. मग टॉर्च घेऊन माहितीची वायर बोर्डापर्यंत हातानं चाचपत गेले, आणि नलू, त्या वायरीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, तिच्यावर दादाचं अक्षर: ‘ओव्या + बूट. काढू नये.’

ते त्याचं ‘ढ’, खाली शेपटी ओढलेलं. मी तिथंच फरशीवर बसले.

त्या पट्टीनं सगळं उलगडलं. दादानं आधी विंडोज या फिरत्या डिस्कवर घातलं होतं. पुढं एसएसडी आणून तिच्यावर नव्यानं घातलं, तेव्हा ही डिस्क जोडलेलीच होती. अशा वेळी विंडोज बूटचा छोटा भाग नव्या डिस्कवर करत नाही, जुन्या डिस्कवर असलेलाच वापरतं. घर एसएसडीवर, पण किल्ली शेजाऱ्याकडे, असा प्रकार. ही डिस्क दिसेनाशी झाली की विंडोजही सुरू होणार नाही, हे दादाला ठाऊक होतं आणि त्यानं लिहून ठेवलं होतं. तू आयुष्यभर म्हणालीस ना, दादा कुणाला काही सांगत नाही? सांगितलं होतं गं त्यानं. आपण डबा उघडला नव्हता.

मग डिस्क दिसत का नव्हती? बोर्डाच्या पुस्तिकेत एक छोटा तक्ता आहे: दुसऱ्या एम.२ खाचेत, म्हणजे एनव्हीएमईच्या जागेत, काही बसवलं तर साटाची, म्हणजे डिस्कच्या माहितीच्या वायरी लावायची, पाच आणि सहा नंबरची पोर्ट बंद होतात. नवी एनव्हीएमई बरोबर त्या खाचेत बसवलेली, आणि दादाची वायर पाचमध्ये. वायर काढून दोनमध्ये घातली. विंडोज सुरू झालं. ‘ओव्या’ नावाचं फोल्डर जिथल्या तिथं.

दुसऱ्या दिवशी बूटचा भाग एसएसडीवरच तयार करून घेतला, बीसीडीबूट नावाची आज्ञा असते त्यासाठी. मग ओव्यांची डिस्क सोडवून मशीन चालू करून पाहिलं, चालतं. आता ती रोज फिरवणार नाही, कपाटात वरच्या खणात ठेवलीय. फायली एनव्हीएमईवर उतरवल्या, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि विंडोज ११ त्यानंतरच चढवलं. पट्टीचा फोटो वहिनींना दाखवायला गेले होते. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “घरातल्या डब्यांवर पण अशीच नावं घालायचे, मीठ, साखर.” मूळ पट्टी त्यांना दिली. तुला विचारलं नाही, पण तू नाही म्हणाली नसतीस.

तुझ्या गुडघ्याचं वहिनींकडून कळलं, डॉक्टर सांगतात ते व्यायाम कर. सुनेला कितवा महिना? नागपूरचं ऊन सुरू व्हायच्या आत बाळंतपण उरकलं तर बरं. बाळंतविड्याचं माझ्याकडे लागलं, लोकर आणलीय.

आणखी एक प्रत तुला पाठवतेय. पेनड्राइव्ह आहे, भडंगाच्या पाकिटाखाली ठेवलाय, भडंग आधी संपवून पाकीट फेकू नकोस. मिळाल्याबरोबर स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घे, पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नकोस. आणि ‘जत ३’ पहिली ऐक. त्यात मागं गिरणीचा आवाज आहे, तू मला “जरा बाजूला सरक” म्हणतेस, आणि मग त्या बाईंना गाव विचारतेस. बाई स्पष्ट सांगतात. उमदी की संख, ते मी इथं लिहिणार नाही. ऐकलंस की फोन कर.

तुझी,
कुंदा